पान्याच्या जागी सुपारी

आधी वहिनींचं सांगतो, मग बाकीचं.

निफाड मागं टाकून विंचूरकडे निघालं की रस्त्याच्या डाव्या हाताला तेव्हा एक पत्र्याचं गॅरेज होतं. ते गॅरेज चालवणाऱ्या मिस्त्रींच्या त्या घरच्या बाई. मी त्यांना वहिनी म्हणायचो. मी नाशकात टिकलो तो त्यांच्यामुळे. माझी धाकटी बहीण आज नर्स आहे, तीसुद्धा एका अर्थानं त्यांच्यामुळेच, आणि दोघी एकमेकींना ओळखतही नाहीत. हे आधी सांगून टाकतो. कारण ही गोष्ट सांगायला बसलो की ती गाडीची होते, प्लगची होते, आमच्या गुरुजींची होते, आणि वहिनी मागं राहून जातात.

मी मूळचा किनवटच्या पलीकडचा. नाशिकहून एक रात्र आणि वर अर्धा दिवस. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं गेली असतील तेव्हाची ही गोष्ट. आधी सातपूरला एका कारखान्यात हेल्परी केली, तिथंच गाडी शिकलो, लायसन काढलं आणि ओळखीतून इंदिरानगरच्या एका गुरुजींकडे ड्रायव्हर म्हणून लागलो. गुरुजी पूजा सांगायचे. वास्तुशांत, लग्नं, दुकानांची उद्घाटनं. यजमान पार येवल्यापर्यंत पसरलेले, म्हणून गाडी. गाडी पेट्रोलची, जुनी. एका यजमानांनी नवी घेतली तेव्हा त्यांची आधीची गुरुजींकडे आली होती.

कामावर घेताना गुरुजींनी दोनच गोष्टी विचारल्या. दारू पितोस का, आणि गाडीचं थोडंफार काम येतं का. दारू पीत नव्हतो, ते सांगितलं. काम येत नव्हतं, तरी येतं म्हणालो. शाळा अर्ध्यावर सोडलेल्या माणसाला ही खोड लागते. कुणी 'येतं का' विचारलं की तोंडातून 'येतं' निघून जातं, कारण 'नाही' म्हटलं की पुढचा प्रश्न 'किती शिकलायस' हाच असतो. माझ्या आधीच्या ड्रायव्हरला गुरुजींनी खोटं बोलण्यावरूनच काढलं होतं. पोरगा आजारी म्हणून सुटी घेतली आणि यात्रेत पाळण्यात बसलेला सापडला. गुरुजी ओरडले नाहीत म्हणे. चावी मागून घेतली, एवढंच. हे मला कामाला लागल्यावर कळलं, आणि तेव्हापासून माझं 'येतं' मला टोचायला लागलं.

जिन्याखालची खोली मला राहायला होती. त्या वर्षी बहिणीचा नर्सिंगला नंबर लागला. दिवाळीनंतर ती येणार होती, आणि गुरुजींच्या घरच्या काकूंनी आपणहून म्हटलं होतं की पोरीला होस्टेलला कशाला ठेवतोस, आमची मागची खोली रिकामीच आहे. म्हणजे माझी नोकरी गेली असती तर माझी एकट्याची गेली नसती.

श्रावण संपता संपता गाडी झटके द्यायला लागली. एका यजमानांचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. त्यांनी बॉनेट उघडून पाहिलं आणि सांगितलं की प्लग संपलेत आणि कॉइलची रबरं चिरलीत. या गाडीत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एक कॉइल बसते. ती प्लगला वीज पुरवते आणि प्लग ठिणगी टाकतो. खालचं रबर चिरलं की वीज प्लगपर्यंत पोचायच्या आधीच भलतीकडे पळते. त्यांनी चार प्लग आणि चार कॉइल गुरुजींना दक्षिणा म्हणूनच दिल्या. गुरुजी मला म्हणाले, द्वारका चौकाजवळच्या गॅरेजात बसवून आण. मी म्हणालो, "गॅरेज कशाला गुरुजी, मी बसवतो की." दाखवायची हौस होती आणि भीतीही होती. खोकं डिकीत पडलं. आज करतो, उद्या करतो, असा महिना-सव्वा महिना गेला.

मग दसरा आला. गुरुजींच्या वर्षातला सगळ्यात धावपळीचा दिवस. आमच्याकडे दसऱ्याला ट्रॅक्टर धुतात ते बॉनेट उघडून, आतूनबाहेरून. पोळ्याला बैल घासावा तसं. मीही पहाटे उठून पाइप लावला आणि गुरुजींची गाडी तशीच धुतली. बाहेरून धुतली आणि इंजिनावर पाणी सोडून आतूनही धुतली. काळं झालेलं झाकण चकाचक झालं. हार घातला, लिंबू बांधलं. काकू खाली येऊन म्हणाल्या, नवी दिसतेय रे. मला केवढं बरं वाटलं. कॉइलच्या खाली, प्लग ज्या खोल नळीत बसतो ती नळी पाण्यानं भरली असेल हे माझ्या डोक्यात कुठून येणार?

घरातून निघतानाच गाडी अडखळत होती. नांदूर नाक्याला गुरुजी म्हणाले, आज जास्तच करतेय. मी म्हणालो, गरम झाली की सुधारेल. निफाडपर्यंत मी तिला दुसऱ्या गिअरवर, तिसऱ्या गिअरवर ओढत नेली. पुढे तर ती थरथरायलाच लागली. ॲक्सिलरेटर दाबला तरी उचलेना, आत कच्च्या पेट्रोलचा वास भरला. विंचूरच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या, भरलेल्या गाड्या तोलायच्या नव्या भुईकाट्याची पूजा होती, दुपारी दोनच्या विजय मुहूर्तावर. बारा वाजून गेले होते. गुरुजी मागच्या सीटवर सोवळ्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. ते शांतपणे म्हणाले, "तू ते प्लग बसवलेस ना?"

मी म्हणालो, "आज बसवतो, गुरुजी."

आरशात बघायची माझी हिंमत झाली नाही. समोर डाव्या हाताला गॅरेज दिसलं आणि मी गाडी तिथं घातली.

गॅरेज उघडं होतं, पण काम बंद होतं. आत स्वच्छ सारवलेल्या जागेवर पाटावर सगळी हत्यारं मांडलेली. पाने, हातोड्या, पक्कडी ओळीनं, त्यांना हळदकुंकू, वर झेंडूची फुलं. कोपऱ्यातल्या हवेच्या मशीनलासुद्धा हार. मिस्त्री बाहेर बाजेवर पांढरा सदरा घालून बसले होते. मी बॉनेट उघडलं, त्यांनी लांबूनच इंजिनाचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "दोन प्लग मेलेत. उद्या या."

मी म्हणालो, सामान आहे, फक्त बसवायचंय. ते म्हणाले, "आज हत्याराला हात नाय लावत आम्ही." आणि डावा हात वर केला. करंगळीशेजारचं बोट अर्धंच होतं. एका दसऱ्याला कुणाच्या तरी गाडीसाठी हत्यार उचललं होतं, बोट पंख्यात गेलं, असं त्यांनी सांगितलं.

गुरुजी खाली उतरले. त्यांना बघून मिस्त्री उठले, पाया पडले आणि म्हणाले, "महाराज, तुम्हीच सांगा. पूजेतलं हत्यार उचलू का?"

गुरुजींना तेव्हा 'उचल' म्हणता आलं असतं. मी मनातून तेच मागत होतो. ते म्हणाले, "दुसऱ्या कुणाच्या गाडीसाठी विचारलं असतंस तर काही सुचवलं असतं. माझीच गाडी अडलीय, आता मी काय सांगू?"

दुसरी गाडी मागवावी म्हणून त्यांनी व्यापाऱ्याला फोन लावला. त्याच्या माणसानं सांगितलं की गाड्या सगळ्या मंडळी आणायला गेल्यात, बघतो. तेवढ्यात गॅरेजला लागून असलेल्या घरातून वहिनी बाहेर आल्या. हाताला पुरणपोळीचं पीठ. त्यांनी नवऱ्याकडून सगळं ऐकून घेतलं, गुरुजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोणता पाना लागतो?"

मिस्त्री म्हणाले, "अगं, पूजा मांडलीय."

"मांडली कुणी? मीच ना? मंग एक पाना मी मागून घेते देवीकडं."

त्यांनी हात धुतले, आत जाऊन पाटापुढे बसल्या, हात जोडले, काहीतरी पुटपुटल्या. प्लगचा लांब नळीसारखा पाना आणि एक छोटा पाना उचलला, आणि त्या दोन्हींच्या जागी एकेक सुपारी ठेवून तिला हळदकुंकू लावलं. मग उभ्या राहून गुरुजींना म्हणाल्या, "काय चुकलं असंल तर सांगा."

गुरुजी पहिल्यांदाच त्या दिवशी हसले. म्हणाले, "सुपारी ठेवली की देव येतो, तर पाना का नाही येणार?"

पण मिस्त्रींनी हात मागेच बांधून ठेवले. पाना हललाय तो हललाय, आपण शिवणार नाही. वहिनींनी दोन्ही पाने माझ्याकडे केले. "ह्यांचं बोट जायचंय ना, ह्यांना बसू द्या. ड्रायव्हर करतील. येतं ना तुम्हाला?"

गुरुजी चार हातांच्या अंतरावर उभे होते. माझ्या तोंडातून 'येतं' निघालं. पण पाना मी उलट्या टोकानं धरला होता. वहिनींनी तो पाना हळूच माझ्या हातात फिरवून सरळ केला, आणि गुरुजींना ऐकू जाणार नाही इतक्या बारीक आवाजात पुन्हा विचारलं, "येतं का, भाऊ?"

मी मान हलवली. नाही.

त्या वळल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या हत्यारांना आजवर कुणी मंत्र म्हटला नाय. मी आपली फुलं वाहते. तुम्ही आलाच हाय तर दोन मंत्र म्हणा की. आत सावलीही हाय." गुरुजी पिशवी घेऊन आत गेले. जाता जाता वहिनी नवऱ्याला म्हणाल्या, "तुमचं तोंड काय पूजेत ठेवलं नाय. तुम्ही बोला, ते करतील."

असं आम्ही सुरू केलं. मिस्त्री इंजिनापाशी हात पाठीमागे धरून उभे, आणि मी घामानं भिजलेला. पहिलं त्यांनी मला काही करूच दिलं नाही. इंजिन गरम आहे, वरचा भाग, म्हणजे हेड, ॲल्युमिनियमचा आहे, गरमात प्लग काढला तर आटे त्याच्यासोबत निघून येतील, म्हणाले. आटे गेले तर हेड गेलं, हेड गेलं तर गाडी टोचन करून, दुसऱ्या गाडीमागं बांधून, नाशकाला. वीस मिनिटं थांब. ती वीस मिनिटं मी बॅटरीची वायर सोडून नुसता उभा होतो. आतून गुरुजींचा आवाज येत होता. मी घड्याळाकडे बघायचो आणि मिस्त्री मला सांगायचे, बघून काय इंजिन गार होत नाय.

मग पहिली कॉइल. क्लिप दाबून वायर काढ, छोट्या पान्यानं बोल्ट काढ. मी ओढायला लागलो. ते म्हणाले, आधी फिरव, मंग उपट. फिरवली, सटकली, वर आली. तिच्या रबराला बोटभर चीर होती आणि टोकातून पाणी टपकत होतं. मिस्त्रींनी वाकून नळीत पाहिलं. आत पाणी चमकत होतं.

"इंजिन कुणी धुतलं?"

मी म्हणालो, "मी."

ते मोठ्यानं म्हणतील या भीतीनं मी आतल्या दाराकडे पाहिलं. तेही तिकडे बघत होते. मग म्हणाले, "लय भक्ती हाय तुझी." एवढंच.

पाणी आधी काढायला हवं होतं, नाहीतर प्लग सुटताच ते थेट इंजिनात जाणार. हवेचं मशीन तर हारात. काडीला कापड गुंडाळून मी एकेक नळी टिपली. चार कॉइल काढायच्या, चार नळ्या टिपायच्या. मिस्त्री एकेका नळीत वाकून बघायचे आणि म्हणायचे, अजून. प्लगला पहिला जोर लावला तर असा करकरला की मला वाटलं मोडला. थांब, म्हणाले, उलटा थोडा आवळ, परत सोड. दोन-तीनदा तसं केल्यावर तो सुटला. काळा, ओला, पेट्रोलच्या वासाचा.

नवे प्लग बसवताना सुरुवातीला पान्याला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. रबरी पाइपचा वीतभर तुकडा आणायला लावला, प्लगचं डोकं त्यात खोचायला लावलं आणि तो नळीत सोडून आधी उलटा फिरवायला सांगितलं. उलटा फिरवताना एका जागी तो टपकन खाली बसतो, तिथं आटा सुरू होतो, मग सरळ फिरव. पहिला बसला. दुसरा बसला. बोटांनी शेवटपर्यंत, मग पान्यानं टेकेपर्यंत, आणि टेकल्यावर वर पाव फेरी. त्याहून एक केसभर जास्त नको.

तिसरा अर्ध्या फेरीत अडला. आतला मंत्र थांबला होता. गुरुजी वहिनींना काहीतरी विचारत होते, आणि मला ऐकू आलं की ते म्हणतायत, आता निघायला हवं. मी पाइप काढून पाना लावला. एक दाब दिला असता तर तो गेलाच असता आत.

मिस्त्री ओरडले, "सोड!" आणि त्यांचा उजवा हात माझ्या मनगटापर्यंत आला आणि तिथंच, बोटभर अंतरावर, थांबला. मला तो हात अजून दिसतो. त्यांनी तो मागे घेतला आणि दातावर दात ठेवून म्हणाले, "वाकडा गेलाय तो. आटा खाशील. काढ. पयल्यापासून."

मी काढला. प्लगच्या आट्यावर एक बारीक चकचकीत कण होता. ते म्हणाले, एवढ्यावर भागलं. फुंकर मार, परत उलटा फिरव, घाई करू नको. गुरुजी दारात येऊन उभे राहिले होते हे मला माहीत होतं. मी मान वर केली नाही. उलटा फिरवला. एकदा, दोनदा. टपकन बसल्याचं बोटांना कळलं, आणि तो सरळ बोटांनीच शेवटपर्यंत उतरला. चौथाही उतरला.

नव्या कॉइल दाबल्या, बोल्ट आवळले, वायरी जोडल्या, बॅटरी लावली. मी आत बसून चावी फिरवली. इंजिन उठलं, पण लंगडत. मिस्त्री कान देऊन ऐकत राहिले आणि म्हणाले, "बंद कर. दुसऱ्याची क्लिप बोलली नव्हती." खरंच, दुसरी क्लिप अर्धवट होती. दाबली, कट असा आवाज आला. परत चावी. या वेळी इंजिन असं चाललं की हातावर ठेवलेला ग्लास हलला नसता.

गुरुजींनी मिस्त्रींना विचारलं, "कसं केलं यानं काम?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. दसऱ्याच्या दिवशी ते खोटं बोलतील असं मला वाटलं नाही, आणि ते बोललेही नाहीत. "हाताला सवय नाय," म्हणाले, "पण ऐकतो."

गुरुजींनी दक्षिणेसारखं काही पुढे केलं, ते वहिनींनी घेतलं नाही. मंत्र म्हटले ना, फिटलं, म्हणाल्या. मी पाने पुसून त्यांच्या हातात दिले. त्यांना काय बोलावं मला कळेना. त्या म्हणाल्या, "जा आता. मुहूर्त गाठा."

विंचूर तिथून जेमतेम दहा मिनिटं. मला वाटलं, आता गाडी चालतेय, कुणी काही विचारत नाही, गप्प बसावं. पण मिस्त्रींचं ते वाक्य माझ्या मागच्या सीटवर गुरुजींच्या शेजारीच बसलं होतं. कांद्याच्या पहिल्या चाळी दिसायला लागल्या तशी मी गाडी बाजूला घेतली आणि पुढेच बघत म्हणालो, "गुरुजी, मला काम येत नव्हतं. ते सांगत होते तसं केलं. इंजिनावर पाणीही मीच मारलं होतं."

आधीच्या ड्रायव्हरसारखी चावी मागतील म्हणून माझा हात चावीवरच होता.

"पाना उलटा धरलास तेव्हाच दिसलं मला," ते म्हणाले. "ती बाई मला आत घेऊन गेली नसती तर मी तिथंच बोललो असतो. मंत्र म्हणताना राग धरता येत नाही, ही एक पंचाईत आहे." मग म्हणाले, "परवापासून सकाळी दोन तास द्वारकेच्या गॅरेजात जाऊन बसायचं, महिनाभर. आणि मला पुन्हा 'येतं' म्हणू नकोस. चल, उशीर होतोय."

मुहूर्त गाठला. रात्री घरी आल्यावर काकूंनी विचारलं की बहिणीसाठी माळ्यावरची खाट काढू का. मी 'हो' म्हणालो आणि जिन्याखाली जाऊन बराच वेळ बसलो.

मला मात्र वेगळाच घोर लागला. माझ्यासाठी पूजा हलली. आता मिस्त्रींना काही झालं तर? आठ दिवसांनी त्या बाजूची फेरी निघाली तर गॅरेजला कुलूप. मी गाडी थांबवून उतरलो. शेजारच्या पंक्चरवाल्यानं सांगितलं, वहिनींच्या माहेरी बारसं आहे, सगळे गेलेत. पुढच्या फेरीला मिस्त्री दिसले, नऊ बोटं आणि एक अर्धं, जसेच्या तसे. तरी पुढची दोन वर्षं मी तिथून जाताना गाडी हळू करायचो. वहिनी ओळखायच्या. पाणी द्यायच्या. म्हणायच्या, "अजून हायत हो आमची बोटं, मोजून जा."

त्यातल्याच एका फेरीला त्या बोलता बोलता म्हणाल्या होत्या की आमच्या दारात गाड्या रोज येतात, पण मला कुठं नेणारी एकही नाही. सप्तशृंगी गडावर एकदा जायचं होतं, एसटीत नाही, गाडीत ऐटीत बसून. हसत हसतच म्हणाल्या, आणि पाण्याचा तांब्या घेऊन आत गेल्या. मी तेव्हा गुरुजींची गाडी चालवत होतो, माझं काय होतं त्यात?

मग रस्ता रुंद झाला. एका फेरीला गॅरेज होतं, पुढच्या फेरीला तिथं खडी होती. पंक्चरवालाही उठलेला. कुणी म्हणालं येवल्याकडे गेले, कुणी म्हणालं मुलाकडे. नाव-गाव नीट विचारून ठेवायचं मला सुचलं नव्हतं.

आता माझी स्वतःची गाडी आहे, भाड्यानं चालवतो. प्लग स्वतःच बदलतो, आधी उलटा फिरवून. बहिणीला हे सगळं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, दादा, शोध की मग. शोधतोय. येवल्याच्या बाजूचं भाडं आलं की परतताना एखाददुसरं गॅरेज बघतो, अर्ध्या बोटाचे मिस्त्री कुणी पाहिलेत का विचारतो. वहिनी, तुम्ही जिथं असाल तिथं, गडाची ती फेरी माझ्याकडे बाकी आहे. मी येणार आहे.